वाटणीआधीचा हिमालय

बदनापूरच्या शाळेत मी पुष्कळ वर्षं भूगोल शिकवतो आहे. हिमालय हा वलीपर्वत आहे, वयाने तरुण आहे आणि अजूनही वाढतो आहे, एवढं दरवर्षी आठ-दहा वाक्यांत सांगून मी पठारांकडे वळतो. परीक्षेला त्यावर फार तर दोन गुणांचा प्रश्न येतो. तो स्वतः जाऊन बघावा असं मला कधी वाटलं नव्हतं. आमच्याकडचा माणूस देवाला जातो, लग्नाला जातो किंवा कोर्टात तारखेला जातो. नुसता डोंगर बघायला गेलो म्हणालो तर लोक तब्येतीची चौकशी करतात.

मला जावं लागलं ते मायमुळे.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, तरुणपणी फौजेत ट्रक चालवायचे. एका हिवाळ्यात त्यांचा ट्रक स्पितीच्या खोऱ्यात बर्फात अडकला. वरच्या एका गावात गोंपा होता, म्हणजे बौद्ध भिक्षूंचा मठ. तिथल्या लामांनी रस्ता उघडेपर्यंत अण्णांना ठेवून घेतलं, खाऊ-पिऊ घातलं. पुढे पेन्शन घेऊन अण्णा कुंभार पिंपळगावजवळच्या आमच्या शेतावर आले आणि विहिरीच्या कडेने त्यांनी मोसंबी लावली. दरवर्षी तोडणी आली की ते म्हणायचे, "यंदा लामाला एक क्रेट पोचवायचं बरं का." आणि दरवर्षी काही ना काही आडवं यायचं. मागच्या वर्षी अण्णा गेले आणि क्रेट तसंच राहिलं.

वर्षश्राद्ध झालं आणि वाटणीचा विषय निघाला. आम्ही दोघंच भाऊ. दादा शेती करतो, मी नोकरीवर. कोरडवाहू, काळी, मुरमाड, सगळी जमीन चहा निवायच्या आत वाटून झाली. अडलं ते मोसंबीच्या बागेवर. दादाचं म्हणणं, इतकी वर्षं कसली मी, बाग माझी. माझं म्हणणं, रस्त्याकडची सगळी काळी जमीन तुला आली, तर बाग मला यायला पाहिजे. पंच बसले, उठले, पुन्हा बसले. सोयरे मध्ये पडले आणि त्यांचंच आपसात वाजलं. शेवटी आम्ही दोघं एकाच ओसरीवर बसून एकमेकांना निरोप मायच्या तोंडून द्यायला लागलो.

माय एक दिवस कंटाळली. म्हणाली, "तुमच्या बापाचा शब्द राह्यलाय. तेवढा दोघं मिळून पुरा करून या. मंग म्हणताल तिथं अंगठा देते."

दादा म्हणाला, "दोघं कशाला? क्रेट काय, एक जण नेईल की."

"एकाला जड हुईल," माय म्हणाली आणि शेंगा फोडत बसली.

मनाली

मनालीपर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं एवढंच, की रेल्वेत आणि बसमध्ये आमच्या तिघांपैकी खिडकीची जागा कायम क्रेटला मिळाली. दादा रोज सकाळी ते उघडायचा, एकेक मोसंबी हातात घेऊन दाबून बघायचा आणि फिरवून ठेवायचा. जी मऊ पडलेली वाटायची ती माझ्याकडे सरकवायचा. चांगली लामाची, नासायला आलेली माझी, ही एक वाटणी मात्र बिनबोभाट झाली.

मनाली म्हणजे आपल्याकडच्या जत्रेला थंडी वाजायला लागली तर कशी दिसेल तसं गाव आहे. सफरचंदं ढिगाने. दादाने पांढऱ्या टोपीवरच कानटोपी चढवली होती आणि तो प्रत्येक ढिगापाशी थांबून भाव विचारत होता. घ्यायचं काही नव्हतं, पण भाव न विचारता पुढे जाणं त्याला जमत नाही. इथून पुढे आम्हाला तंजिन नावाच्या ड्रायव्हरची गाडी मिळाली. तो स्पितीचाच होता. क्रेट बघून त्याने विचारलं, "ये क्या ले जा रहे हो?"

"मोसंबी," दादा म्हणाला.

"वहाँ भी सेब होता है, चाचा. बहुत बढ़िया."

"सेब सबके इधर मिलता. ये हमारे बाग का है."

'हमारे' म्हणजे नेमकं कोणाच्या, हे मी त्या वेळी विचारलं नाही. गाडी सुरू झाली होती आणि पुढचा रस्ता बघून मला बोलायची इच्छाही उरली नव्हती.

खिंड

खिंडीत पोचलो तेव्हा वारा असा होता की गाडीचं दार उघडायला दोघं लागलो. दगडी स्तूप आणि रंगीत पताकांच्या माळा. तंजिनने गाडी न थांबवता स्तूपाला उजवी घालून एक फेरी मारली. मग उतरून हात जोडले. कोणता देव, असं दादाने विचारलं, तर म्हणाला, रस्त्याची देवी. दादाने लगेच चप्पल काढली. त्या थंडीत त्याला कोणी काढायला सांगितली नव्हती, पण देवासमोर चपलेत उभं राहणं त्याच्या हातून होत नाही. नंतर अर्धा तास तो पाय चोळत बसला होता.

खिंडीपलीकडे झाड संपतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, शिकवलंही होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होतो. तपकिरी, जांभळट, राखाडी डोंगर, त्यांच्यावर एक काडीही नाही, आणि खाली नदीच्या अनेक पांढऱ्या धारा. आपल्या जालन्यात उन्हाळ्यातसुद्धा नजर टाकली तर एखादी बाभूळ तरी दिसते. इथे नजर कुठे टेकवावी तेच कळत नव्हतं.

दादाने बाहीने काच पुसली. मग म्हणाला, "एवढी जमीन पडून हाय, अन् कोणी भांडून न्हाई राह्यलं."

मी मास्तर असल्यामुळे राहवलं नाही. हा सगळा एके काळी समुद्राचा तळ होता, जमिनीचे दोन तुकडे एकमेकांवर रेटले गेले म्हणून हा वर आला आणि अजून वाढतो आहे, असं मी त्याला सांगितलं. निघाल्यापासूनचं माझं सगळ्यात लांब बोलणं ते.

"अजून वाढून राह्यलाय?" दादा म्हणाला. "मंग मोजणी कशी करतेत?"

याचं उत्तर आमच्या पाठ्यपुस्तकात नाही.

अंगरूपचं घर

गोंपाच्या खाली पंचवीस-तीस घरांचं गाव. पांढऱ्या भिंती, सपाट धाबं, धाब्यावर कडेने रचलेलं सरपण आणि गवऱ्या. गवऱ्या बघून दादाला माणसात आल्यासारखं वाटलं. धाब्याची घरं आमच्याकडेही होती, त्यामुळे त्याने उतरल्या उतरल्या घराला एक चक्कर मारून माती कुठली, पाणी कुठून निघतं, हे बघून घेतलं.

तंजिनने आमची उतरायची सोय केली होती ते घर अंगरूप नावाच्या माणसाचं. वय दादाएवढंच, साठीच्या अलीकडे, हात तसेच राकट. त्याची बायको आल्या आल्या चहा घेऊन आली. लोणी आणि मीठ घातलेला चहा. अण्णा सांगायचे तेव्हा आम्हाला ती फौजी थाप वाटायची. दादाने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "अण्णा खोटं न्हाई बोलले." मला अण्णांची फार आठवण आली.

आता दादाचा नेम असा, की कोणाच्या घरी ताटात-कपात काही टाकायचं नाही. त्याने डोळे मिटून कप संपवला. वहिनींनी, म्हणजे अंगरूपच्या बायकोने, लगेच भरला. दादाने तोही संपवला. त्यांनी पुन्हा भरला. आमच्याकडे कप रिकामा केला म्हणजे झालं, बस, असा अर्थ. तिथे रिकामा कप म्हणजे आणखी द्या. दादा अन्नाचा मान राखत होता आणि त्या पाहुण्याचा, आणि दोघांपैकी कोणी माघार घेईना. शेवटी घामाघूम झालेल्या दादाची अंगरूपलाच दया आली. त्याने समजावलं, "बस हो तो भरा हुआ छोड़ दो. जाते टाइम पी लेना."

"भरला कप सोडून उठायचं?" दादा मला म्हणाला. "हे आपल्याच्यानं न्हाई व्हायचं." आणि तो कपही त्याने संपवला.

जेवताना जमिनीचा विषय निघाला. दोन शेतकरी एका चुलीपाशी बसले की तो निघतोच. अंगरूपला एक धाकटा भाऊ होता, छेरिंग. तो लहानपणीच वरच्या गोंपात गेला, आता तिथला लामा आहे. दादाने विचारलं, मग त्याच्या वाट्याची जमीन कोण करतं? अंगरूपला प्रश्न समजला नाही. दादाने हातांनी भाकरी मोडल्याची खूण करून दाखवली. मग अंगरूप म्हणाला की आमच्यात जुनी रीत अशी, घर आणि जमीन सगळी थोरल्याची. धाकटे गोंपात जातात. आता पोरं शिकतात, नोकऱ्या करतात, पण जमीन तुटत नाही.

दादाच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "ऐकलं का, बाळू," तो म्हणाला. इतक्या महिन्यांत त्याने मला पहिल्यांदा नावाने हाक मारली होती, ती याच्यासाठी. "सगळी थोरल्याची. शहाणे लोक हायेत. उगं न्हाई अण्णा यांचं नाव काढायचे."

मी थुक्पा, म्हणजे शेवयांचं कढण, खात राहिलो. पण अंगरूपचं बोलणं संपलं नव्हतं. त्याने खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. मोठ्या घराला लागून एक लहान घर होतं, आमच्याकडे कडबा ठेवतात तेवढं. म्हणाला, थोरल्या पोराचं लग्न झालं की मोठं घर आणि शेती त्याची, आईबाप त्या छोट्या घरात. "अगले साल मेरे बेटे की शादी है. फिर हम दोनों उधर."

"सगळं सोडून?" दादाने मराठीतच विचारलं.

"एक खेत मिलेगा हमको. बस है."

दादाच्या पोराची सोयरीक त्याच महिन्यात बदनापुरात जमली होती. त्याचा घास हातातच राहिला. तो त्या लहान घराकडे बघत होता, मी त्याच्याकडे. थुक्पा मला एकदम चवदार लागायला लागला आणि मी पुन्हा मागून घेतला.

गोंपा

दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेलो. अंगरूप म्हणत होता की एक दिवस आराम करा, हवा पातळ आहे. दादा म्हणाला, मी काय म्हातारा हाय? चढणीवर तो दर वळणाला थांबायचा आणि मला खालचं शेत दाखवायचा. शेत बघायला थांबलोय असं दाखवत होता, पण छाती भात्यासारखी हलत होती. माझीही तीच गत होती, त्यामुळे मी प्रत्येक शेत नीट बघितलं.

गोंपा डोंगराच्या टोकावर, एकावर एक खोके ठेवावेत तसा. आतलं प्रार्थनेचं मोठं दालन अंधारं. लोण्याच्या दिव्यांचा वास, भिंतीभर रंगवलेले देव, काही शांत, काही इतके चिडलेले की दादा म्हणाला, हे आपल्या पंचांसारखे दिसून राह्यले. एका उंच बैठकीवर थोरले लामा बसले होते, फार म्हातारे. शेजारी अंगरूपचा भाऊ, लामा छेरिंग, आमचं हिंदी त्यांना समजावून सांगायला.

रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून दादाने निघण्याआधी बाजाराच्या दिवशी कुंभार पिंपळगावातून नवा टॉवेल आणि नवी टोपी घेतली होती. आमच्याकडे मानाच्या माणसाला टॉवेल-टोपीचा आहेर असतो. अंगरूपच्या बायकोने आम्हाला एकेक पांढरं रेशमी वस्त्रही दिलं होतं, खाता म्हणतात त्याला, लामाला वाहायला. आम्ही क्रेट समोर ठेवलं, वाकलो आणि दोघांनी खाता पुढे केले. थोरल्या लामांनी ते हातात घेतले आणि परत आमच्याच गळ्यात घातले. मग दादाने टॉवेल-टोपी दिली. लामांनी ती कपाळाला लावली आणि हसून दादाच्या हातात परत ठेवली.

दादाचा चेहरा दगडासारखा झाला.

जालन्याबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमच्याकडे आहेर परत करणं म्हणजे संबंध तोडणं. लग्नात एखाद्याने टोपी परत केली तर पुढच्या दोन पिढ्या त्या घरी कोणी पाणी पीत नाही. दादा तसाच उठला आणि दाराजवळ जाऊन उभा राहिला. आलेल्या चहाला त्याने हात लावला नाही.

लामा छेरिंग गोंधळला. "चाचा, ये तो आशीर्वाद है. जो देता है, उसी को पहनाते हैं."

"हमारे में आहेर वापस किया तो रिश्ता तूटता," दादा म्हणाला. "इतने दूर से लाये. रखना नै था तो बोलते."

छेरिंगने थोडा विचार केला. "और ये संतरे?"

"मोसंबी है."

"वो तो हमने रख ली."

खरंच, मागच्या रांगेतल्या दोन लामांनी सोलायलाही सुरुवात केली होती. दादाने ते नीट पाहून घेतलं. मग येऊन बसला. चहा मात्र त्याने अर्धाच घेतला आणि पुन्हा भरलेला कप तसाच ठेवून द्यायची रीत त्या दिवशी पहिल्यांदा पाळली.

मग त्याने अण्णांचा विषय काढला. हेच तर आमचं काम होतं. एक ड्रायव्हर, महाराष्ट्राचा, जाड मिशा, हिवाळ्यात अडकला होता, तुम्ही ठेवून घेतला होता. छेरिंगने सगळं सांगितलं. थोरल्या लामांनी लक्ष देऊन ऐकलं आणि हळू आवाजात उत्तर दिलं. छेरिंगने सांगितलं, "बोलते हैं, हर सर्दी में कोई न कोई फँसता था. सबको रखते थे. याद किस-किस को रखें?"

मला वाईट वाटलं, सरळ सांगतो. अण्णांनी जन्मभर जी गोष्ट उराशी धरली, तिची इथे कोणी गाठसुद्धा मारून ठेवली नव्हती. मला वाटलं, दादा आता पुन्हा दाराकडे जाईल. पण तो बाहेर येऊन पायऱ्यांवर बसला आणि म्हणाला, "बराबर हाय त्यांचं. आपली माय तरी जेवू घातलेल्यांचा हिशोब ठेवती का?" त्या प्रवासात मला पटलेलं त्याचं हे पहिलं वाक्य.

जवाचं शेत

तिसऱ्या दिवशी निघायचं होतं. तंजिन दुपारी गाडी आणणार होता. सकाळी अंगरूपच्या शेताकडे गेलो तर जवाची काढणी चालली होती. तिथे विळा लावत नाहीत, जव मुळासकट हाताने उपटतात, माती झाडतात आणि पेंढी बांधतात. चाऱ्यासाठी काडीची लांबी वाया जाऊ नये म्हणून. अंगरूपच्या शेजारी तांबडा झगा कमरेला खोचून एक माणूस झपाझप उपटत होता. तो लामा छेरिंग होता. काल आमच्या आणि देवाच्या मध्ये बसून दुभाषाचं काम करणारा माणूस मातीने भरलेला पाहून मी थोडा अवघडलो. दादा नाही अवघडला. तो बांधावर उकिडवा बसला.

"ये खेत किसका?" त्याने विचारलं.

"इसका," अंगरूप भावाकडे बोट दाखवून म्हणाला. "नाम मेरा है, जौ इसका है. गोंपा जाता है, इसके खाने के लिए. जोतता मैं हूँ."

"और बाकी खेत?"

"बाकी मेरे."

"उधर भी ये आता है काटने को?"

"हर साल आता है."

दादाने जवाची एक लोंबी हातात चोळून बघितली. "लेकिन उधर का इसको मिलता क्या?"

अंगरूपने छेरिंगकडे बघितलं, छेरिंगने अंगरूपकडे. दोघांनाही प्रश्नाचा रोख लागला नाही. "चाय मिलती है," छेरिंग म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

बसून बसून त्याला राहवलं नाही. आमच्याकडचा शेतकरी दुसऱ्याच्या उभ्या पिकात नुसता बघत थांबू शकत नाही. पाहुणा म्हणून गेला तरी तो सोयऱ्याच्या शेतात चार तुऱ्हाट्या उपटूनच परत येतो. दादाने स्वेटर काढला, टोपी सारखी केली आणि ओळीत घुसला. मी म्हणालो, "दादा, बस. श्वास लागंल."

"तू शाळेत सांग," तो म्हणाला.

सुरुवातीला तो छेरिंगच्या बरोबरीने चालला. मग पुढे गेला. अंगरूपची बायको हसत होती, अंगरूप "आराम से, आराम से" म्हणत होता, आणि दादाला ते कौतुक वाटत होतं. ओळ संपायला थोडीच राहिली होती. तो मध्येच थांबला, पेंढी हातात घेऊन खाली बसला, आणि मग आडवा झाला. मी पोचलो तेव्हा त्याचे ओठ जांभळे पडले होते आणि तो माझ्याकडे ओळख नसल्यासारखं बघत होता.

खाली

गावातल्या उपकेंद्रातल्या सिस्टरने ऑक्सिजन लावला आणि लगेच खाली न्यायला सांगितलं. तंजिन वेळेआधीच आला, देव त्याचं भलं करो. मागच्या सीटवर दादाचं डोकं माझ्या मांडीवर, नळकांडं छेरिंगने धरलेलं. तो तसाच मातीच्या हातांनी गाडीत बसला होता, त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

मी इतका घाबरलो होतो की मला रस्त्यातलं काही आठवत नाही. आठवतं एवढंच, की मी मनात मायला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो आणि एकही जुळत नव्हतं. एका वळणावर दादाने मास्क बाजूला केला.

"बाळू, बाग तू घे," तो म्हणाला.

"मास्क लाव."

"घे म्हणून राह्यलो ना."

"मला नको बाग. बिलकुल नको. तू गप पड."

तो गप पडला, आणि त्याने मी आणखीच घाबरलो.

खाली काझाला, म्हणजे खोऱ्यातल्या मोठ्या गावाला, दवाखान्यात तो संध्याकाळपर्यंत सावरला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली. छेरिंग निघताना हात जोडून वाकला, तर दादाने त्याला धरलं आणि खिशातून ती नवी टोपी काढून त्याच्या हातात दिली. "ये वापस नै करने का," दादा म्हणाला. छेरिंगने ती झग्याच्या आत ठेवून दिली. दादा समाधानाने गाडीत बसला.

खिंड ओलांडून जसजसे खाली उतरलो तसतसा दादा पहिल्यासारखा व्हायला लागला. मनालीला पोचेपर्यंत त्याने भाव विचारायला सुरुवात केली होती. तिथे जेवताना मी म्हणालो, "दादा, गाडीत तू बागेचं काहीतरी म्हणालास."

"म्हणलो आसंल. तू न्हाई म्हणलास की."

"म्हणजे?"

"म्हणजे मिटलं. मी दिली, तू घेतली न्हाईस. अन् तसलं नळी लावल्यावरचं बोलणं धरतेत व्हय?"

मी म्हणालो, बरं. परतीच्या सगळ्या वाटेवर मी यावर विचार करत होतो. मला बाग का पाहिजे होती, ते आता नीट सांगता येईना. मोसंबीला पाणी कधी तोडायचं, बहार कसा धरायचा, यातलं मला काही येत नाही. दादाने ती कसली, फवारली, दुष्काळात टँकरने जगवली. नांदेडच्या गाडीत, छत्रपती संभाजीनगर मागे पडल्यावर, मी मनाशी पक्कं केलं. दादा दाराजवळच्या सीटवर रिकामं क्रेट पायाशी घेऊन बसला होता.

"दादा," मी म्हणालो, "बाग तूच घे. नळी-बिळी काही नाही, चांगल्या शुद्धीत सांगतो. मला राग नाही. मायसमोर मीच बोलतो."

मला वाटलं, तो खूश होईल. तो खिडकीबाहेर बघत होता. सोयाबीन पिवळं पडलं होतं, कुठे कुठे काढणी सुरू झाली होती.

"अन् मंग तू गावाकडं कशाला येशील?" तो म्हणाला.

मी म्हणालो, "असं काय विचारतोस? येईन की."

"कशाला?" त्याने पुन्हा विचारलं. रागाने नाही, पाळीच्या पाण्याची वेळ विचारावी तसं. "तुझ्या वाट्याचं पडीत रान मी बटईनं करणार. काळी माझ्याकडं. बाग बी माझी झाली, तर तुझं तिथं काय राह्यलं? माय हाय तवर दिवाळीला येशील. पुढं फोन करशील. तसं बी लोकं करतेतच." मग म्हणाला, "मी काही बागेसाठी न्हवतो भांडत. म्हणजे भांडत होतो. पण भांडण होतं तवर तू दर रविवारी येत होतास."

बदनापूर आलं. मला तिथेच उतरायचं होतं, बायको स्टेशनवर येणार होती. मी उतरलो नाही. गाडी हलली, दादाने माझ्याकडे बघितलं, आणि मी त्याला म्हणालो की मायला मीच सांगतो म्हटलं ना.

घरी पोचलो तेव्हा माय ओसरीवरच होती. क्रेट रिकामं आहे ना, हे तिने आधी पाहून घेतलं. गोंपा कसा होता, लामा काय म्हणाले, सगळं विचारलं. अण्णांची आठवण निघाली का, असं विचारल्यावर दादा म्हणाला, "निघाली तर. लई वेळ बसलो होतो." मी मान हलवली. मग तिने बागेचं विचारलं.

"बाग मी घेतो," मी म्हणालो.

मायने दादाकडे बघितलं. "घेऊ दे," दादा म्हणाला आणि हातपाय धुवायला न्हाणीकडे गेला.

मायने अंगठा दिला. आता बाग माझ्या नावावर आहे. धाकट्याने थोरल्याला हिमालयात नेऊन गुंडाळलं, असं गावात बोलतात. चहाच्या टपरीवर मी गेलो की लोक विषय बदलतात. दादा यावर कोणाला काही सांगत नाही, मीही सांगत नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी थेट शेतावर जातो. पाणी दादाच देतो, आळी दादाच करतो. मी बांधावर उभा असतो, आणि मी चुकीच्या जागी उभा आहे, हे तो मला संध्याकाळपर्यंत सांगत असतो.